मंगळवारी सव्वादहाला मेंदू

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी सात
बाहेर उणे एकोणीस. अंधार. आत उत्साह.
पुढच्या मंगळवारपासून सेकंड इयरचा मेंदूविज्ञानाचा कोर्स. शिकवण्याचं माझं बाविसावं वर्ष. नावनोंदणी चौसष्ट! संकल्प तीनच, कारण मेंदूला एका वेळी तीन-चारच गोष्टी धरून ठेवता येतात. (हे मीच शिकवतो.) एक : स्लाइड वाचून दाखवायच्या नाहीत. दोन : सगळ्यांची नावं पाठ करायची. तीन : विद्यार्थी संघटनेचा ‘वर्षातला उत्तम शिक्षक’ पुरस्कार. गेल्या वर्षी तो नोराला मिळाला. नोरा चौतीस वर्षांची आहे आणि लेक्चरला फुगे आणते. मला हेवा नाही. फुगे कोणीही आणेल.
सिनिक्का अजून रौमालाच, बहिणीकडे. ऑक्टोबरात बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तिच्या मदतीला गेली. खुबा म्हटल्यावर वेळ लागणारच. जाताना बूट, स्की, लोकरीचे सगळे कपडे घेऊन गेली. बायको दूरदृष्टीची आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी एक
पहिलं लेक्चर. एकसष्ट हजर! पुढच्या पाच रांगा जवळजवळ मोकळ्या. या हॉलमध्ये मागे आवाज चांगला जातो हे पोरांना आपोआप उमगलेलं दिसतं.
सुरुवातीला प्रश्न टाकला : “मेंदू नसता तर आज तुम्ही काय केलं असतंत?” आणि थांबलो. अडीच मिनिटं कोणी बोललं नाही. विचार करत होते. तिसऱ्या मिनिटाला एका पोराचा शिंकण्याचा आवाज आला, मी “बरोबर!” म्हणून पुढे गेलो.
वेळ कमी पडू लागल्याने शेवटच्या चाळीस स्लाइड वाचून दाखवाव्या लागल्या. अपवाद.
नावं : एक पाठ झालं. पिन्या. सहाव्या रांगेत बसून मोजे विणते. हाताला काम असलं की कान मोकळा राहतो, असं संशोधन असणार. शोधून ठेवायचं.
पहिल्या रांगेत एकटी एक म्हातारी. लोकरीची टोपी, चौकटीची वही. मुक्त विद्यापीठातून नाव घातलंय. हिल्का तोस्सावाइनेन, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त बसड्रायव्हर. लेक्चर संपल्यावर जवळ आली आणि म्हणाली, “मास्तर, त्या माइकमध्ये बोलत जा. नाहीतर तुम्ही गळ्यातल्या टायशीच बोलताय असं वाटतं.”
माझी डॉक्टरेट आहे, हे सांगायचं राहिलं.

२१ जानेवारी, मंगळवार
चव्वेचाळीस हजर. फ्लूची साथ आहे.
हिल्काबाईंनी आज त्या का येतात ते सांगितलं. नवरा विल्हो, लाकूड कारखान्यात फोरमन होता. सप्टेंबरात मेंदूत रक्ताची गाठ अडकली, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. राहिला फक्त एक शब्द : ‘मंगळवार’. भूक लागली तरी मंगळवार, खिडकी लाव म्हणायचं तरी मंगळवार. “म्हटलं, एवढं मंगळवार मंगळवार करतोय तर बघावं मंगळवारी कुठे काय आहे. तर तुमचं हे होतं.” असं म्हणून स्वतःच हसल्या. मग हसू थांबवून विचारलं, “मी बोलते ते त्याला कळतं का हो? एवढंच हवंय मला.”
मी सांगितलं की भाषा नवव्या लेक्चरला आहे. आधी पेशी, मग चेतातंतू, मग भाषा. पाया पक्का हवा. त्या म्हणाल्या, “बरं. नऊ.” आणि वहीत लिहून घेतलं.
असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ
इमारतीच्या सामाईक वाफस्नानघराची, सौनाची, पाळी सहा ते सात. इमारतीच्या यादीत अजून ‘इल्पो + सिनिक्का’ असंच आहे. तिच्या बाकाच्या बाजूलाही दगडांवर पाणी टाकलं. नाहीतर वाफ एकांगी होते.
खाली नोटीस : ज्या घरात एकच माणूस आहे त्याने अर्ध्या तासाची पाळी घ्यावी ही विनंती. कोणासाठी असेल? तिसऱ्या मजल्यावरच्या विधुरासाठी बहुतेक.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कँटीनला वाटाण्याचं सूप. नोराच्या टेबलावर सहा विद्यार्थी, खुर्च्या ओढून ओढून बसलेले. मी खिडकीपाशी. खिडकीपाशी विचार चांगले होतात.
विभागप्रमुख कारिना ट्रे घेऊन आली, बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं की विद्यार्थ्यांची मागणी आहे, लेक्चर रेकॉर्ड करून टाकत जा. मागणी! म्हणजे एकदा ऐकून त्यांचं समाधान होत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
मोठी कल्पना. नोराकडे फुगे, माझ्याकडे खरा मेंदू. बाजारातल्या खाटकाकडून डुकराचे बारा मेंदू आणले. तो म्हणाला, “बारा? घरात पाहुणे?” मी म्हणालो, विद्यार्थी. त्यानंतर त्याने काही विचारलं नाही.
मेंदू औषधात मुरवून कडक करायचे असतात, पण प्रयोगशाळेच्या मुलीला आधी ईमेल करावा लागतो आणि ती खवचट उत्तरं देते. घरचा फ्रीजर पुरेल. गोठला की कडकच होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सत्तावीस हजर. रेकॉर्डिंगमुळे. बाकीचे घरी शांतपणे बघतात.
पिन्या भेटली. रेकॉर्डिंग कसं वाटतं म्हणून विचारलं. म्हणाली, “मी दुप्पट वेगाने बघते. त्या वेगात तुम्ही फार उत्साही वाटता.” तरीच दुसरा मोजा इतक्या लवकर झाला.
घरी आलो तर सिनिक्का येऊन गेलेली! नेमकी दहा ते बारा, मी वर्गात असताना. माझा व्यत्यय होऊ नये म्हणून. हातमाग नेलाय. खुबा बरा व्हायला हाताला विरंगुळा लागतो. टेबलावर चिठ्ठी : “फ्रीजरमध्ये बर्फ बघायला गेले. इल्पो, ते काय आहे ते मी विचारत नाही. काळजी घे.”
‘काळजी घे’ दोनदा वाचलं. अधोरेखित नाही, पण अक्षर सुंदर.
हातमाग होता तिथे फरशीवर चार फिकट चौकोन पडलेत. तिथे पुस्तकांचं कपाट ठेवीन. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. मैत्रीदिन (प्रेमदिनाचं इथलं नाव)
सिनिक्काला कार्ड धाडलं होतं. टपालपेटीत माझ्यासाठीही एक कार्ड! दंतवैद्याकडून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी तीन
जरा वेगळं लेक्चर झालं.
मेंदू काल संध्याकाळी बाहेर काढले होते. सकाळी डबा उघडला तेव्हा आकार मवाळ झाल्यासारखा वाटला. वर्गात ट्रेमध्ये ओतल्यावर (उचलता येत नव्हते) लक्षात आलं की बारा मेंदूंचा एकच मेंदू झालाय. मी प्रसंगावधान राखून म्हणालो, “यावरून कवटीचं महत्त्व कळतं.”
तूरे नावाचा उंच मुलगा चक्कर येऊन पडला. विषय इतका भिडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. सात जण त्याला धरून बाहेर गेले आणि मैत्रीखातर बाहेरच राहिले.
शेवटी हिल्काबाई पुढे आल्या. ट्रेकडे बराच वेळ बघत राहिल्या. “असं झालंय का त्याचं?” मी म्हणालो, नाही, नाही, एवढासा भाग जातो, मटाराएवढा, अक्रोडाएवढा. “मग बाकीचा आहे ना शाबूत?” मी म्हणालो, ते नवव्या लेक्चरला.
मग त्यांनीच फडकं आणलं आणि आम्ही दोघांनी टेबल पुसलं. बसच्या मागच्या सीटवर पोरं काय काय करायची ते सांगत होत्या. त्यामानाने हे काहीच नाही म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शाकाहारी विद्यार्थ्यांचा ईमेल. चौदा सह्या. एवढे माझ्या वर्गात आहेत हे माहीत नव्हतं, म्हणजे नावनोंदणी वाढते आहे.
कारिनाने बोलावलं. “पुढच्या वेळी प्लास्टिकचा मेंदू, इल्पो. कपाटात आहे. आधीपासून आहे.” दार लावून बोलली. विश्वासातल्या माणसाशीच माणूस दार लावून बोलतो.

११ मार्च, मंगळवार
स्की-सुट्टीनंतर अकरा हजर. उन्हं चांगली पडलीत, बर्फ अजून टिकून आहे, कोण कशाला वर्गात बसेल?
विषय : सवय. गोगलगायीला पुन्हापुन्हा तोच स्पर्श केला की ती शिंग आत घ्यायचं सोडून देते. तिला कळतं, यात नवं काही नाही. स्लाइड वाचून दाखवल्या. दोघं झोपले.
सत्राच्या मध्यावरचा फीडबॅक आला. चार जणांनी भरला. एक : “हॉल उबदार आहे.” दोन : “लेक्चरर मागच्या भिंतीशी बोलतात.” तीन : रिकामा. चार : “फुगे नसतात हे चांगलं.” चौथा कोणाचा असेल? पिन्याचा? प्रिंट काढून टेबलापाशी लावला.

१३ मार्च, गुरुवार
जिल्हा न्यायालयाचं पाकीट. गाडीच्या पार्किंगचं असेल. उद्या उघडू.

१६ मार्च, रविवार
उघडलं. सिनिक्काने अर्ज केलाय. तरी कायदा लगेच काही करत नाही, सहा महिने विचाराला देतो. सहा! म्हणजे सरकारलाही वाटतं की ती परत येईल.
तिला फोन लावला. बहिणीने घेतला. सिनिक्का फिरायला गेली आहे म्हणाली. मी विचारलं, तुमचा खुबा कसा आहे? म्हणाली, “इल्पो, मी नोव्हेंबरपासून स्कीइंग करतेय.”
 मी म्हणालो, छान, व्यायाम हवाच.

१८ मार्च, मंगळवार. लेक्चर नववे : भाषा
नऊ हजर. माझं आवडतं लेक्चर. इतिहासापासून सुरुवात केली, कारण इतिहासाशिवाय भाषा समजत नाही. ग्रीक लोकांपाशी जरा रमलो. मूळ मुद्द्याला आलो तेव्हा पाच मिनिटं उरली होती. ती स्लाइड बदलताना गेली.
हिल्काबाई कोटाच्या खुंट्यांपाशी उभ्या होत्या. वही उघडी. “नऊ झालं, मास्तर.”
मी सांगितलं की गाठ पुढच्या भागात असेल तर आकलन तुलनेने शाबूत राहतं, पण ते जखमेच्या व्याप्तीवर अवलंबून आहे.
“हो की नाही?”
मी म्हणालो, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.
त्यांनी पेन वहीत ठेवलं. “तेहतीस वर्षं मी बस चालवली. लोक विचारायचे, ही स्टेशनला जाते का? मी त्यांना मतभेद सांगत बसले नाही.”
टोपी घालून निघून गेल्या. पुढच्या वेळी येणार नाहीत बहुतेक. त्यांचा पायाच कच्चा राहिला.
घरी येऊन बराच वेळ कोट घालूनच बसलो होतो. इमारतवाल्यांनी हीटिंग कमी केलंय.

२५ मार्च, मंगळवार
चार हजर. हिल्काबाई नाहीत. पहिली रांग मोकळी असली की माइकचा आवाज घुमतो, हे पूर्वी जाणवलं नव्हतं.

१ एप्रिल, मंगळवार
सव्वादहा. कोणी नाही. मला वाटलं, एप्रिल फूल. बाकांच्या खाली वाकून पाहिलं. साडेदहापर्यंत थांबलो.
मग रेकॉर्डिंग सुरू करून बोलायला लागलो. विषय स्मृती. दहा मिनिटं झाली असतील, दार उघडलं. हिल्काबाई. “बस चुकली. माझीच जुनी बस, आणि चुकली!” पहिल्या रांगेत बसल्या.
एकटीसाठी माइक बंद केला. स्लाइड बंद केल्या. तसं काही ठरवलं नव्हतं, प्रोजेक्टरचा दिवा गेला होता. मग बोलतच राहिलो. मध्येच सांगून बसलो की गेल्या ऑक्टोबरपासूनचं मला नीट आठवत नाही, दिवस एकमेकांना चिकटलेत. हे अभ्यासक्रमात नव्हतं.
जाताना म्हणाल्या, “माझं उत्तर नाही आलं, पण तुम्हीच एकदा येऊन बघा ना त्याला. बुधवारी. कॉफी देईन.”
म्हणजे तज्ज्ञाचा सल्ला. घरी भेट. नोराला कोणी घरी बोलावलंय?

८ एप्रिल, मंगळवार
शेवटचं लेक्चर. हिल्काबाई आणि झोपायला आलेला एक मुलगा.
कारिनाने सांगितलं की शरद ऋतूपासून हा कोर्स ऑनलाइन होणार, नोरा घेणार. मला ग्रंथालय समिती. “तुला मोकळा वेळ मिळेल.” अखेर माझ्या वाचनाची दखल घेतली गेली.
हॉल नंबर दोनची चावी परत केली. सही करून.

९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी पाच
विल्होला पाहिलं. तयारीने गेलो होतो. चाचण्यांची फाइल, छोटा टॉर्च, प्लास्टिकचा मेंदू (कपाटातला).
मोठा गोरा माणूस, खिडकीत बसलेला, तळ्यावरचा बर्फ बघत. मी हात पुढे केला, त्याने डावा दिला. “मंगळवार,” म्हणाला. मी म्हणालो, आज बुधवार. हिल्काबाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मग मी त्याला मेंदू उघडून दाखवला. पुढचा भाग, मागचा भाग, कुठे गाठ, कुठे रक्त. आजवर एवढं लक्ष देऊन मला कोणी ऐकलं नव्हतं. मान हलवत होता, डोळे माझ्यावर. एक तास पन्नास मिनिटं बोललो. मध्ये तीनदा “मंगळवार” म्हणाला, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. मी म्हणालो, अगदी बरोबर, पुढे सांगतो.
निघताना दाराशी हिल्काबाई हसत होत्या, डोळ्यांत पाणी. “मास्तर, मला उत्तर मिळालं हो. त्याला सगळं कळतं. फक्त ‘आता पुरे’ म्हणता येत नाही.”
तरी पुढच्या बुधवारी या म्हणाल्या. उपचार सुरू झालाय असं धरायला हरकत नाही.

१६ एप्रिल, बुधवार
विल्होकडे तिसरा प्रहर. आज कमी बोललो : पन्नास मिनिटं. नंतर पत्ते खेळलो. विल्होने मला चार डाव हरवलं. पत्ते लपवता येतात, मोजता येतात, फसवताही येतं त्याला. याची नोंद घेऊन लेख लिहायला हवा.

२२ एप्रिल, मंगळवार
पुरस्कार जाहीर. नोरा. मला ‘विशेष उल्लेख’ नाही.
आज कुठे जायचं नव्हतं. तरी सव्वादहाला कोट घालून विद्यापीठापर्यंत गेलो. हॉल नंबर दोनमध्ये अर्थशास्त्र चालू होतं. भरलेला. पिन्या आत होती, विणत.

२३ एप्रिल, बुधवार
विल्होसाठी नवीन योजना. बारा आठवडे, टप्प्याटप्प्याने, तक्ता रंगीत. तो फाइलमध्ये घालून गेलो.
दारात परके बूट. आत एक मुलगी, असेल सव्वीस वर्षांची. वाचाउपचार करणारी, सरकारी रांगेत आता विल्होचा नंबर लागला, दर बुधवारी येणार. विल्होसमोर चित्रांची कार्डं मांडलेली. ती “गरम क…” असं म्हणायची आणि थांबायची. विल्होच्या कपाळावर घाम. मग त्याच्या तोंडून निघालं : “कॉफी.” वाकडं, घोगरं, पण कॉफी. हिल्काबाईंनी तोंडावर हात ठेवला.
मी टाळ्या वाजवल्या. मुलीने वळून पाहिलं. “तुम्ही कोण? नातेवाईक?”
मी सांगितलं, मी मेंदूविज्ञान शिकवतो, विद्यापीठात. ती म्हणाली, “अरे वा, मी तिथलीच! तो कोर्स केलाय मी. कोण शिकवायचं ते काही आठवत नाही, पुस्तकातूनच वाचलं होतं.” माझ्याकडे नीट बघूनही काही आठवलं नाही तिला. हिल्काबाई मध्येच म्हणाल्या, “हे आपले बुधवारी येतात.”
मग ती म्हणाली, एवढी माणसं असली की त्यांचं लक्ष उडतं, तुम्ही जरा आत बसता का? तिचं बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं.
स्वयंपाकघरात बसलो. तक्ता काढला नाही. हिल्काबाईंनी समोर बटाट्यांचं भांडं आणि सुरी ठेवली आणि स्वतः मासे साफ करायला घेतले. पलीकडून आवाज येत होता : कॉफी. कॉफी. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा कॉफी.
बटाटे सोलत होतो.  
हिल्काबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “थांबला असतात जेवायला, पण घरी बायको वाट बघत असेल तुमची.”
मी म्हणालो, नाही. घरी कोणी नाही. ती गेली, ऑक्टोबरातच गेली.
त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. माझ्या भांड्यात डोकावून पाहिलं.
“मग अजून दोन सोला.”